मागच्या मेरेवरची वई : प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

काल दिवसभर डॅरा वादळ घोंघावत होतं. आज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर मागचं लाकडी कुंपण आडवं. सहा पट्ट्यांपैकी चार पायवाटेवर, एक पलीकडे शेतात, एक अजून खांबाला लोंबकळतेय. खांब जमिनीलगत पार कुजलेले होते. वरून ठणठणीत दिसायचे, दोन उन्हाळ्यांपूर्वी मीच त्यांना रंग दिला होता.

पहिलं काम वाट मोकळी करण्याचं. मागची वाट सार्वजनिक आहे, खांबावर पिवळा बाण असलेली. म्हणजे पायी जायचा हक्क सगळ्यांना, मालक कोणीही असो. निळा बाण असता तर घोडेस्वार आणि सायकलवालेही आले असते. मी आणि नवरा पट्ट्या ओढत असताना कुत्री फिरवणारे पाचसहा जण गेले. प्रत्येकाने थांबून काही ना काही म्हटलं. तीन वर्षांत या लोकांनी मला 'मॉर्निंग'च्या पुढे काही म्हटलेलं आठवत नाही. तसं कारणही नव्हतं, मध्ये सहा फूट लाकूड होतं.

जागेबद्दल एकदाच लिहून ठेवते. लिटल चॅल्फंट, बकिंगहॅमशायर. १८८९ मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे इथे आली. त्या वेळी स्टेशनचं नाव 'चॅल्फंट रोड' होतं आणि आजूबाजूला शेतंच होती. घरं मागाहून आली, रेल्वे कंपनीच 'मेट्रो-लँड' नावाने मोकळ्या हवेची जाहिरात करत होती. मग लंडनभोवतीच्या हरित पट्ट्याने घरांना अडवलं. त्यामुळे पुण्यासारखं शहर कधी संपलं ते कळतच नाही असं इथे होत नाही. आमची गल्ली संपते, आमची बाग संपते, वाट ओलांडली की गहू.

१० डिसेंबर, मंगळवार

कुंपणवाल्यांना फोन. वादळानंतर सगळ्यांची बुकिंगं फेब्रुवारीपर्यंत भरलेली. ज्या एकाने आकडा सांगितला तो ऐकून आम्ही दोघं गप्प बसलो.

रात्री बाबांना व्हिडिओवर पडकं कुंपण दाखवलं. कुडाळकडच्या आमच्या घराला समोरून जांभ्याचा गडगा आणि मागून शेराची वई आहे, म्हणजे झुडपांचं कुंपण, मध्ये मध्ये करवंद. बाबा म्हणाले, लाकूड मेलेलं असतं, ते कुजणारच. मग म्हणाले, "अगो, मेरेक काटो घाल, पण कोणाक तरी जाऊक-येऊक वाट ठेव." मेर म्हणजे हद्द.

ठरलं. फळ्या नाहीत, जिवंत वई. इथलीच झाडं, इथल्याच पद्धतीने.

१४ डिसेंबर, शनिवार

कुंपण नक्की कोणाचं? इथे लोक छातीठोक सांगतात की घराकडे तोंड केलं की डावीकडचं तुमचं. असा कुठलाही नियम नाही. जमीन नोंदणी कार्यालयाकडून नकाशा काढला. मागच्या रेघेवर आपल्या बाजूने छोटी इंग्रजी 'टी' आहे, म्हणजे जबाबदारी आमची. उजव्या बाजूच्या रेघेवर काहीच नाही. तो विषय काढायचा नाही असं दोघांत ठरलं.

२२ डिसेंबर, रविवार

दाराच्या फटीतून चिठ्ठी आली, उजवीकडच्या जोडप्याकडून. मजकूर अतिशय गोड. वादळाने तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं, सणाच्या शुभेच्छा, आणि सहजच विचारतो आहोत, घाई अजिबात नाही, पण कुंपणाचा काही अंदाज आहे का? या देशात 'घाई अजिबात नाही' याचा अर्थ काय ते मला पहिल्याच वर्षी ऑफिसात कळलं होतं.

उलट चिठ्ठी टाकली. वई लावतोय, जानेवारीत. मांडीएवढी व्हायला दोन वर्षं, माणसाएवढी व्हायला पाच, हे मात्र लिहिलं नाही.

डावीकडच्या शेजारीणबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याच आग्रहावरून समोर त्यांना नुसत्या नावाने हाक मारते, पण इथे तसं लिहायला हात धजत नाही, म्हणून बाई. त्यांना वईची कल्पना फार आवडली. फक्त हेझल नको म्हणाल्या. का, तर ग्लिस.

ग्लिस हा इथला खास उपद्रव. खारीसारखं झुपकेदार शेपटीचं, गुबगुबीत, करडं जनावर. रोमन लोक ते खात असत. १९०२ मध्ये ट्रिंगला वॉल्टर रॉथ्सचाइल्डच्या खाजगी प्राणिसंग्रहातून ते सुटलं आणि तेव्हापासून याच टापूत वाढतंय. वर्षातले सातएक महिने झोपतं, उरलेल्या दिवसांत माळ्यावर वायर कुरतडतं. पकडायचं तर परवाना लागतो. बाईंच्या माळ्यावर ते तीनदा येऊन गेलंय. हेझलची फळं त्याला प्रिय.

हेझल तरी लावणार. पण निम्मी केली.

२८ डिसेंबर, शनिवार

आज काम नाही, पाहणी. शेजारच्या लॅटिमर गावाकडे उतरणाऱ्या शेताच्या जुन्या वईतली झाडं मोजली. मॅक्स हूपर नावाच्या शास्त्रज्ञाचा ठोकताळा असा की वईचे तीस यार्ड घ्यायचे, त्यात झाडा-झुडपांच्या जाती किती ते मोजायचं. जितक्या जाती तितकी शतकं. पानं नसताना मोजणं म्हणजे कळ्या आणि साली बघणं. मला जमल्या त्या सात: हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, फील्ड मेपल, होली, डॉगवुड, स्पिंडल. म्हणजे सातशे वर्षं, आपल्याकडे यादवांचा शेवट चालू असताना कोणीतरी ती लावली किंवा जंगल तोडताना राखली. ठोकताळाच आहे, कोर्टात टिकायचा नाही. आम्ही तर पाच जाती एकाच दिवशी लावणार, म्हणजे आमची वई जन्मतःच पाचशे वर्षांची.

लेकीला लॅटिमरच्या हिरवळीवरचं घोड्याचं थडगं दाखवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातून लॉर्ड चेशमने आणलेला घोडा, १९११ मध्ये मेला, तिथे त्याचं फक्त हृदय पुरलंय. बाकीचा घोडा कुठे गेला, हा तिचा प्रश्न परतीची सगळी चढण पुरला.

४ जानेवारी २०२५, शनिवार

खांब उपटणे. वरचं लाकूड लाथेने तुटलं, खाली बादलीएवढा काँक्रीटचा गड्डा. असे सात. बाईंनी शेडमधून त्यांच्या दिवंगत नवऱ्याची पहार काढून दिली. पहारीला पहारच म्हणावं इतकी ती आपली आहे, एक टोक चपटं, एक अणकुचीदार. दिवसात चार गड्डे निघाले. नवऱ्याची पाठ गेली.

११ जानेवारी, शनिवार

रोपं गुरुवारी आली आणि जमीन गोठलेली. फावडं टेकवलं तर टणत्कार.

ही उघड्या मुळांची रोपं. कुंडी नाही, माती नाही, जुडी बांधून पुठ्ठ्याच्या खोक्यात. झाड झोपलेलं असतं तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, एवढ्याच काळात ती मिळतात आणि लावता येतात. एक पौंडाच्या आसपास एक पडलं. साठ मागवली: हॉथॉर्न ३०, ब्लॅकथॉर्न १०, हेझल १०, फील्ड मेपल ५, रानगुलाब ५. दिसायला साठ काटक्या. नवरा म्हणाला, याचे पैसे दिले आपण?

मुळं सुकली की संपलं, एवढंच पथ्य. ओल्या गोणपाटात गुंडाळून शेडमध्ये ठेवली. रोज पाणी शिंपडायचं.

१९ जानेवारी, रविवार

उरलेले तीन गड्डे निघाले. शेवटचा पायवाटेवरून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाने काढून दिला. कुत्रं माझ्या हातात दिलं, पहार घेतली, पाच मिनिटांत गड्डा बाहेर. नाव न सांगता गेला.

२५ आणि २६ जानेवारी

लावणी.

मेर ११ मीटर. वाटेवर फांद्या आल्या तर छाटायची जबाबदारी आपली, म्हणून रेघेपासून पाऊण मीटर आत घेतली. दोन ओळी, ओळींत ४० सेंटिमीटर, रोपांतही ४० सेंटिमीटर, एकाआड एक. मीटरला पाच या हिशेबाने ५५ लागली. जादाची पाच हॉथॉर्न कुंडीत.

खड्डा खणायचा नसतो. फावडं पायाने उभं दाबायचं, मागेपुढे हलवून फट करायची, फटीत मूळ सरकवायचं, फावडं काढायचं, टाचेने दाबायचं. पुस्तकात एका रोपाला अर्धं मिनिट. आमच्या जमिनीत दहा. इथे वर चिकणमाती, तिच्यात फ्लिंटचे गोटे, आणि खाली खडूचा डोंगर. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड, बाहेरून हाडासारखा पांढरा, फुटला की आत काळी काच. इथल्या चर्चच्या भिंती याच्याच. दर दुसऱ्या वेळी फावडं त्यावर आदळून हात झिणझिणायचा. मग तो दगड पहारीने उकरायचा, ढिगावर टाकायचा, पुन्हा फट. एक गोटा फुटला त्याची धार एवढी होती की हातमोजा कापला. लेकीने ढिगातले चांगले काळे वेगळे काढून खिडकीत मांडलेत.

जांभा खणायला सोपा नाही, पण तो निदान एकजात असतो.

वर दिवसभर तीन तांबड्या घारी. माती उकरली की त्यांना कळतं. आपल्या घारीपेक्षा लालसर आणि शेपटीची खाच खोल. इंग्लंडात माणसांनी त्या संपवल्या होत्या, १९८९ ते १९९४ या काळात स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्न टेकड्यांत सोडली. आता आमच्या गल्लीवर कावळ्यांइतक्याच दिसतात.

शेवटी रोपांच्या बुडाशी पुठ्ठे आणि वर लाकडाचे तुकडे पसरले. झाडं तोडणाऱ्याने ते फुकट ओतून दिले, फक्त आमच्या दारासमोर न ओतता उजवीकडच्यांच्या दारासमोर ओतले. ढकलगाडीने बावीस खेपा, अंधार पडायच्या आत.

१६ फेब्रुवारी, रविवार

नऊ रोपांचे शेंडे गायब, तिरपे, चावून फाडल्यासारखे. ससा सुरीने कापल्यासारखं कापतो, हा ससा नाही.

रात्री उत्तर मिळालं. बाबांशी बोलत होते, मागचं दार किलकिलं होतं. बाहेरून भुंकल्यासारखा आवाज, एकदा, थांबून पुन्हा एकदा. मी लक्षही दिलं नाही. बाबा तिकडून म्हणाले, "भेकर ओरडता. थंय भेकरां आसत?"

आहेत. मुंटजॅक म्हणजे भेकराचाच चिनी चुलतभाऊ. बेडफर्डशायरमधल्या वोबर्नच्या जमीनदाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हौसेने आणला, सुटला, आता दक्षिण इंग्लंडभर. मी तीन वर्षं त्या आवाजाला कोणाचं तरी कुत्रं समजत होते. साडेसात हजार किलोमीटरवरून फोनच्या स्पीकरमध्ये बाबांनी ओळखलं.

प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या होत्या त्या साठ सेंटिमीटरच्या, भेकराला त्या म्हणजे ताटाची कड. कोंबड्यांची जाळी आणली, ११ मीटर, दोन्ही बाजूंनी.

३० मार्च, रविवार

आज पाडवा आणि आजच घड्याळं एक तास पुढे. मुहूर्त कुठल्या वेळेने धरायचा यावर सासूबाईंशी फोनवर चर्चा. शेवटी सूर्य उगवलाय ना, मग उभारा, असं ठरलं.

काठीचा प्रश्न बाईंनी सोडवला. त्यांच्या बागेतल्या जुन्या हेझलच्या सरळसोट काठ्या आहेत, त्यांतली एक आठ फुटी कापून दिली. हेझल नको म्हणणाऱ्या बाईंकडे स्वतःची हेझल निघाली, हे मी बोलले नाही. कडुलिंब नाही. त्याच्या जागी काहीच लावलं नाही, दुसरं कुठलंही पान लावणं खोटं वाटलं.

गुढी मागच्या मेरेवर, जाळीच्या आत उभी केली. कुंपण असतं तर ती आमच्यापुरती राहिली असती. वाटेवरून जाणाऱ्यांना दिसत होतं ते असं: काठी, तिला हिरवी पैठणी, वर पालथा तांब्या. एका गृहस्थांनी विचारलं, घारींना घाबरवायला का? एका बाईंनी फोटो काढू का विचारलं. लेकीने वाटेवरच साखरेच्या गाठींचं वाटप सुरू केलं. उजवीकडचे दोघेही आले, बागेच्या टोकाशी उभे राहिले, गाठ खाल्ली. कुंपणाचं काही बोलले नाहीत.

हॉथॉर्नवर मिरीएवढ्या हिरव्या कळ्या. ३१ मोजल्या, मग लेकीने हाक मारली.

२७ एप्रिल, रविवार

पाऊस नाही. मार्चपासून नाही म्हणावं इतपतच. इंग्लंडात राहून पाण्यासाठी बादल्या वाहीन असं वाटलं नव्हतं. लेकीच्या अंघोळीचं पाणी टबात धरून ठेवतो, संध्याकाळी झारीने घालतो, आठवड्यातून दोनदा, रोपाला अंदाजे दोन लिटर. चिकणमातीला करंगळी जाईल एवढ्या भेगा.

१८ मे, रविवार

शेताकडची जुनी वई बहरून गेली, ती आता ओसरतेय. हॉथॉर्नला इथे 'मे' असंच नाव आहे. एक फांदी घरात आणत होते तर बाईंनी दारातच अडवलं. ती घरात आणली की घरात मरण येतं, त्यांची आई म्हणायची. वास घेतला तर खरंच, गोडसर आणि तळाशी काहीतरी कुजकं. नंतर वाचलं, त्या फुलांत आणि कुजू लागलेल्या मांसात एकच रसायन असतं. फांदी बाहेर ठेवली. आमच्या घरी संध्याकाळी झाडू मारत नाहीत, मी कोणाला हसणार?

आमची पाच हेझल तपकिरी. नखाने साल खरवडली, आत हिरवं नाही.

२१ जून, शनिवार

रात्री दहालाही उजेड. पाणी घातलं. बाकी काही नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

जाण्यायेण्याची वाट. आमच्या आणि बाईंच्या मधलं कुंपण अजून फळ्यांचं आहे. त्याच्या तळाशी हेजहॉगसाठी भोक पाडलं, १३ बाय १३ सेंटिमीटर. हे माप ठरलेलं आहे, हेजहॉग जातो, बहुतेक कुत्री नाहीत. साळिंदराच्या धाकट्या भावासारखं दिसतं हे जनावर, नातं मात्र काही नाही. त्याला एका रात्रीत दीडदोन किलोमीटर हिंडायला लागतं आणि बंदिस्त बागांनी त्याचं जिणं अवघड केलंय. बाईंनी भोकाची चौकट पेन्सिलीने स्वतः आखली. मी करवत चालवली, वाकडी गेली.

ब्लॅकबेरी यंदा आत्ताच पिकल्या. वाटेवरच्या वईतून दोन डबे भरले.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पावणेआठला शेतात ट्रॅक्टर, बाजूच्या दांड्यावर फिरणारी पाती. पक्ष्यांच्या विणीमुळे १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्याला वई छाटता येत नाही, त्याचा इंग्लंडात आता कायदाच आहे. नियम मोडायचा नाही आणि एक दिवस थांबायचंही नाही. दुपारपर्यंत लॅटिमरकडची सातशे वर्षांची वई चौकोनी झाली होती, फांद्यांची टोकं चिंध्यांसारखी फाटलेली. बघवत नाही. बाई म्हणतात वसंतात कळणारही नाही. लहानपणी त्यांनी हे काम हाताने होताना पाहिलंय: खोड बुडाशी तिरपं कापायचं, पार तोडायचं नाही, सालीच्या पट्टीवर जिवंत ठेवून आडवं निजवायचं, मध्ये खुंट ठोकायचे. आमची वई आठदहा वर्षांची झाली की तसं करायचं. तेव्हा बाई नव्वदीच्या पुढे असतील. करवत कोण चालवणार ते आम्ही बोललो नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

हिशेब. लावलेली ५५, मेलेली १४. हॉथॉर्न ५, ब्लॅकथॉर्न १, हेझल ६, मेपल २. रानगुलाब पाचही जिवंत आणि जाळीबाहेर हात काढून वाटेवरच्यांच्या बाह्या धरू लागलेत, त्यांना छाटलं. हेझल गेल्याचं बाईंना फार दुःख दिसलं नाही. दोष दुष्काळाला देते, पण खरं तर त्या टोकाला पाणी कमी पडलं. झारी तिथपर्यंत पोचेतो रिकामी व्हायची आणि मी पुन्हा भरायचा कंटाळा करत होते.

सगळ्यात उंच ब्लॅकथॉर्न, माझ्या कमरेएवढी.

ओकच्या फळांचा यंदा वाटेवर सडा. शेताकडच्या ब्लॅकथॉर्नही निळ्याकाळ्या फळांनी लगडल्यात. एक तोंडात टाकलं, जीभ वाळवंट झाली. इथे जिनमध्ये बुडवून ठेवतात. मी मीठ-मिरचीत घालून पाहिलं, करवंदाच्या लोणच्यासारखं होईल या आशेने. झालं नाही. बरणी फ्रिजच्या मागच्या रांगेत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी खेप लागली. कुंडीतल्या पाचांपैकी तीन हॉथॉर्न जगले होते, ते हलवले. नवीन १३ मागवली: हॉथॉर्न ३, ब्लॅकथॉर्न १, मेपल ३, हेझल ३, आणि उरलेल्या हेझलच्या जागी डॉगवुड ३. सहावी जात आली, म्हणजे हूपरच्या हिशेबाने दहा महिन्यांत वई शंभर वर्षांनी वाढली.

जमीन मऊ, पाऊस पुरेसा, दगड आधीच निघालेले. सव्वा तासात काम झालं. पहार लागलीच नाही, बाईंना परत द्यायला गेले तर म्हणाल्या तुझ्याकडेच राहू दे.

भोकाशी बाईंच्या बाजूला चिखलात पाचबोटी ठसे होते. हेजहॉगचे की उंदराचे ते सांगता येत नाही. फोटो बाबांना पाठवलाय.

एक हॉथॉर्न आणि एक मेपल उरलं. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलीत. उजवीकडच्यांच्या दारात चिठ्ठी टाकली आहे, हवीत का म्हणून. घाई अजिबात नाही, असंही लिहिलं.